पहिलीचा पडायचा तास

शशी सर, फाट्यावर लावलेल्या तुमच्या फ्लेक्सवर तुमचं नाव चुकलंय. 'कै. शशिकांत सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली, समस्त गावकरी.' तेराव्यानंतर वहिनी तुमचं कपाट रिकामं करायला शाळेत आल्या, तेव्हा रिक्षातून उतरल्या उतरल्या त्याच्यापुढं थांबल्या. फोटो बघितला, खालचं नाव वाचलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, हे शशिकांत कोन?" सर, मला त्या बाईपुढं हसू आलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. मग त्याही हसल्या, आणि मग आम्ही दोघी फाट्यावरच रडलो.

तुमचं नाव विश्वंभर, हे गावात मला आणि हजेरीपुस्तकाला तेवढं ठाऊक. चूक पोरांची, आणि पोरांच्या आधी माझी. वेळापत्रकाच्या फळ्यावर शारीरिक शिक्षण एवढं लांबलचक मावत नव्हतं, म्हणून मी 'शा.शि.' लिहिलं. पहिलीतलं कुठलं तरी पोरगं बाराखडी शिकून नवंनवं वाचायला लागलेलं, त्यानं ते 'शाशि' असं वाचलं. तो शब्द फळ्यावर असला की तुम्ही येता, एवढं पोरांना कळत होतं. मग काय, तुम्ही झालात शाशी सर. आयाबायांनी त्याचा शशी केला, आणि फ्लेक्सवाल्यानं शशिकांत. तुम्ही कधी दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं, "अहो, सांगा की त्यांना." तर म्हणालात, "राहू द्या मॅडम. तासाच्या नावानं मास्तर वळखू येतोय, अजून काय पायजे?"

खरं तर तुम्ही तिसरीचे वर्गशिक्षक. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला खेळाचा वेगळा शिक्षक कुठला! पण तुम्ही माझ्याशी सौदा केलात. तुमच्या तिसरीचं गणित मी घ्यायचं आणि बदल्यात चारही वर्गांचा शा.शि. तुम्ही. मला वाटलं होतं, माझा फायदा झाला. मैदानात उन्हात कोण उभं राहणार?

आता हे सगळं तुम्हाला काय सांगतेय मी. तुम्हाला ठाऊकच आहे. जे ठाऊक नाही ते सांगायला बसले होते, आणि तिकडं वळायला धीर होत नाही म्हणून आपली फ्लेक्सची गोष्ट लांबवतेय. सर, काल ट्रॅक्टर गेले. दसरा झाला आणि टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. आपली बावीस पोरं गेली त्यात. हंगामी वसतिगृहात मोठ्यांतली थोडीच राहतात, पण पहिलीचं लेकरू आई सोडून राहत नाही आणि म्हातारीला आवरत नाही, म्हणून लहानगी सगळी गेली. पहिलीचा पडायचा तास राहिला तो राहिलाच.

मी तुम्हाला त्या तासावरून किती बोलले असेन! पहिल्यांदा खिडकीतून बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाचं डोकं फिरलं. सोयाबीनचं भुसकट भरलेली पोती मैदानात अंथरलेली, आणि पोरं एकामागून एक त्यावर पडतायत. पडतायत म्हणजे मुद्दाम पडतायत! आधी उकिडवं बसून, मग विटेवरून, मग व्हरांड्याच्या पायरीवरून. प्रत्येकाच्या हनुवटीखाली खडूचा तुकडा. पडून, खांद्यावरून गोल होऊन उठायचं आणि खडू तिथंच पाहिजे. खडू पडला की पुन्हा रांगेत. "खांदा द्या जमिनीला, डोकं न्हाई! हात टेकायचा न्हाई, हात पोटाशी!" तुमचा आवाज पार हापश्यापर्यंत जायचा. तास संपला की सगळ्यांच्या गळ्याला पांढरा डाग. आया विचारायच्या, लेकराला गजकर्ण झालं का काय मॅडम?

मी म्हटलं, "सर, ही शाळा आहे का सर्कस?"

तुम्ही म्हणालात, "लंगडी, पळणं, उडी समदं शिकवतो की मॅडम. पन पडणं कुनीच शिकवत न्हाई. माणूस जलमभर काय करतंय? पडतंयच की."

मला ती तुमची फाट्यावरची फिलॉसॉफी वाटली. कारण सांगितलं नाहीत तुम्ही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. एवढा राग येतो मला त्याचा, अजून येतो. एका वाक्याचं काम होतं. तुम्ही ते वाक्य बोलला असता तर मी ती चिठ्ठी लिहिली नसती. नसती लिहिली, असं मी आता म्हणतेय. तेव्हाचं कोण सांगणार.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला शाळा समितीतले ते बडे गृहस्थ नातवाला घेऊन ऑफिसात आले. नातवाचं कोपर खरचटलेलं. एवढंसं, बोटभर. "मॅडम, आमी लेकरं शिकायला धाडतो का लोळायला? तुमच्या मास्तराला पडायची एवढी हौस हाय तर त्येला म्हनावं विहिरीत पड." असं बोलून चहा पिऊन गेले. आणि मी, जी नवऱ्यापुढं कधी दबली नाही, ती त्या माणसाच्या पांढऱ्या कपड्यांपुढं दबले. मुख्याध्यापिका म्हणून शाळेच्या लेटरपॅडवर तुम्हाला लेखी सूचना दिली, की उद्यापासून विद्यार्थ्यांना पडण्याचे प्रकार शिकवू नयेत. खाली सही, शिक्का. समोरासमोर बसतो आपण, दिवसातून दोनदा चहा पितो, आणि मी लेखी दिलं. माझी बाजू कागदोपत्री पक्की राहावी म्हणून.

तुम्ही वाचलं, चार घड्या केल्या, खिशात ठेवलं. "ठीक हाय मॅडम. लंगडी घेतो," म्हणालात. भांडलात का नाही हो? आपण एवढ्या तेवढ्यावरून भांडायचो. खिचडीतल्या मटकीवरून भांडायचो. पंधरा ऑगस्टला तुम्ही मला माईकवरून लंगडी घालायला बोलावलंत, मी नऊवारीत चार उड्या मारल्या, पोरांनी शाळा डोक्यावर घेतली, आणि मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदा मैदानात उडी मारली होती मी. आमच्या वाड्यातल्या मुलींना अंगण ओलांडायची मुभा नव्हती. त्या चार उड्यांबद्दल तुमचे आभार मानायचे होते, आणि मी उलट अबोला धरला.

सोनी त्या वर्षी पहिलीत होती. केसाला लाल रिबीन, नाक कायम वाहतं, आणि लंगडीत डावा पाय कधी, उजवा कधी, कुणालाच कळायचं नाही. तुम्ही तिला "सोने, एक पाय ठरव की बाई" म्हणायचात. पडायचा तास तिच्या वर्गाला सुरू व्हायचा होता त्याच आठवड्यात माझी चिठ्ठी निघाली. दसऱ्याला ती आईबापासोबत गेली. संक्रांत झाली आणि मुकादमाचा फोन आला. ऊस भरलेल्या ट्रॉलीवर, उसावरच झोपली होती, रस्त्याला खड्डा होता. नेहमीसारखं बोलला तो. "तुमच्या शाळेचं पोरगं होतं, म्हून कळवलं."

तुम्ही मैदानात फक्की मारत होतात. मी तुम्हाला तिथं जाऊन सांगितलं. तुम्ही खाली बसलात, हातातला चुना तसाच. मग माझ्याकडं न बघताच म्हणालात, "मी बी पडलतो, मॅडम. बैलगाडीवरनं. सा वर्साचा आसंन. हात टेकवला." आणि डावं मनगट पुढं केलंत. ते वाकडं मनगट मी इतकी वर्षं बघत होते. खडू धरताना, चहाचा कप धरताना. मला वाटायचं, जन्मतःच असेल. कधी विचारलं नाही, आणि तुम्हीही तोडकऱ्याचं पोर आहात हे कधी सांगितलं नाहीत. शाळेत शिक्षकाच्या खुर्चीवर बसून ते कसं सांगावं, असं वाटलं असेल. आणि माझ्यासारखीला सांगून काय उपयोग, असंही वाटलं असेल.

मग मी विचारलं. हेच मला तुमच्याशी बोलायचं आहे सर, बाकी सगळं भरताड. मी विचारलं, "सर, तिला शिकवलं असतं तर?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई मॅडम. झोपंत पडली ती. झोपंत कुनाला शिकिवलेलं आठवतंय व्हय? तुमच्यामुळं न्हाई झालं ते. तुमी मनाला लावून घिऊ नगा."

मी ते घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं, आणि घरी जाऊन झोपले.

पण सर, मला खिडकीतून ऐकू येत होतं ना सगळं. चिठ्ठीच्या आधी, तुम्ही चौथीच्या पोरांना काय सांगत होतात? "झोपंत ढकललं तरी अंगानं आपोआप गोल व्हावं, इतकं पडा. डोकं इसरंल, अंग इसरत न्हाई." हे तुमचंच वाक्य. शब्दन् शब्द तुमचा. मग कोणतं खरं? पोरांना सांगितलेलं, का मला सांगितलेलं? ह्या दोन वाक्यांतलं एक खोटं आहे, आणि कोणतं ते मला फक्त तुम्ही सांगू शकला असतात. संक्रांत ते पोळा एवढे महिने आपण समोरासमोर बसलो. रोज विचारीन विचारीन म्हटलं. विचारलं नाही. मला जे उत्तर हवं होतं ते मिळालेलं होतं, ते हातचं कशाला घालवा? आणि तुम्हीही माझ्याकडं सरळ बघायचं सोडलं होतंत, तेही मी बघत होते. म्हणजे मला उत्तर ठाऊक आहे. ठाऊक असूनही विचारायचं राहिलं, ह्याला काय म्हणतात हो मराठीत? मी चौथीला मराठी शिकवते, मला शब्द सापडत नाही.

जूनमध्ये मी ती चिठ्ठी परत मागितली. तुमच्या खिशात होती अजून, धुऊन धुऊन लगदा झालेली. मी फाडायला गेले तर ती फाडावी लागलीच नाही, हातातच सुटली. "घ्या तुमचा तास," म्हटलं, "रोज घ्या. कोण येतो ते मी बघते." तुम्ही जीव तोडून शिकवलंत. चौथी झाली, तिसरी झाली, दुसरी झाली. ती तिसरीतली अश्विनी बैलगाडीच्या साटीवरून पडून खडू न सांडता उठली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मग छातीला हात लावून जरा वेळ पायरीवर बसलात. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखवा." "पित्त हाय," म्हणालात. वर आणि परळीच्या वीज केंद्राच्या राखेवर ढकललंत, लहानपणी तिथं राहिलो म्हणून छाती भरते म्हणे.

पहिलीचं मी तुम्हाला रोज म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "पहिलीला आदी लंगडी यिऊ द्या. पाय कळल्याबिगर पडणं कळत न्हाई. आन् जमीन बी वली हाय, चिखलात घसरणं येतंय, पडणं येत न्हाई. पोळा झाला की घिऊ." पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. पोती भरून ठेवलेली, पहिलीच्या वर्गाच्या कोपऱ्यात रचून. वेळापत्रकाच्या फळ्यावर तुमच्या अक्षरात 'पहिली, शा.शि.' लिहिलेलं.

तुमच्या जागी तात्पुरते एक सर दिलेत. पोरगा वाईट नाही. दिवसभर मोबाईलवर माहिती भरतो, आजच्या आज पाठवा, आत्ताच्या आत्ता पाठवा, त्याचाही जीव जातो. मी त्याला पडायच्या तासाचं सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, ते अभ्यासक्रमात कुठं बसवायचं?" शा.शि.च्या तासाला तो चाचणीची तयारी घेतो. पहिलीतली पोरं फळा वाचतात, "शाशि", आणि दाराकडं बघत बसतात.

मग मीच उठले. घटस्थापनेच्या आधीची गोष्ट. पदर खोचला, पोती बाहेर काढली, उंदरांनी दोन कुरतडली होती. अश्विनीला पुढं केलं, ती झक्क पडली. पहिलीच्या पोरांना खडू दिले. निम्म्यांनी त्याच्यानं फरशीवर चित्रं काढली, एकानं खाल्ला. मला खांदा कसा द्यायचा ते सांगता येईना. "अगं असं कर, तसं कर" म्हणतेय, आणि माझं स्वतःचं अंग काठीसारखं ताठ. मलाच येत नाही हो पडायला! उंटावरून शेळ्या हाकत होते. तुम्ही पोराच्या मानेवर हात ठेवून काय करायचात? काही तरी करायचात, दोन बोटं, मानेच्या मागं. ते मी खिडकीतून बघितलं होतं, पण बोटांत काय होतं ते खिडकीतून कसं दिसणार?

तिसऱ्या पोराचं नाक फुटलं. त्याची आई आली. ह्या वेळी कुणी बडं माणूस नव्हतं, तोडकरीणच होती. हात जोडून म्हणाली, "मॅडम, आमी दसऱ्याला जानार हावोत. लेकराचं नाक फोडून कसं निऊ? तितं कोन दवाखाना करनार?" मला तिला सांगायचं होतं, बाई, म्हणूनच गं, म्हणूनच शिकवतेय. पण कसं सांगू? तुझं लेकरू ट्रॉलीवरून पडेल, असं मी, पक्क्या घरात राहणारी बाई, तिच्या तोंडावर म्हणू? तुम्ही म्हणू शकला असतात. तुमच्याकडं ते मनगट होतं. माझ्याकडं काय, शिक्का.

पोती मी परत आत ठेवली. दुसऱ्यांदा, सर. पहिल्यांदा निदान कळत नव्हतं, असं म्हणायची सोय तरी होती.

काल सकाळी फाट्यावर गेले. तुमच्या फ्लेक्सच्या शेजारीच ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, चूल, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर आपली पोरं. "मॅडम! मॅडम!" अश्विनी दोन्ही हात सोडून मला हात दाखवत होती. पूजा तिच्याशेजारी, पहिलीतली, पार कडेला, पाय बाहेर सोडून. मुकादमानं ट्रॅक्टरच्या तोंडापुढं नारळ फोडला, खोबरं वाटलं. आपल्याकडं नारळ फुटल्यावर कुणी अभद्र बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात.

इंजिन सुरू झालं आणि माझं मला कळेना काय झालं ते. मी ट्रॉलीमागं चालायला लागले आणि ओरडले, "हनुवटी छातीला! हात टेकायचा नाही! खांदा द्या, खांदा!"

सगळा फाटा बघायला लागला. तुमची पोरं हसली. हसली, आणि सर, सगळ्यांनी एकदम, दुसरी, तिसरी, चौथी, हनुवटी छातीला लावली, हात पोटाशी घेतले, जणू प्रत्येकाच्या गळ्याशी खडू आहे. अंग विसरलं नव्हतं. पहिलीची पोरं मात्र नुसती बघत होती, ह्यांच्याकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा.

पूजानं वाकून मला कारण विचारलं, "कावून, मॅडम?"

तिची आई शेजारी होती. हातात खोबऱ्याचा तुकडा, माझ्याकडं बघत. तीही थांबली होती, काय म्हणते मॅडम ते ऐकायला. मला उत्तर येत होतं. शाळेतलं एवढं एकच उत्तर मला पक्कं येत होतं.

मी म्हटलं, "उगंच गं."